पहिला आवाज यंत्राचा

आपल्या माणसाची लाज वाटणे हा प्रेमाचाच एक विकार आहे. परक्याची लाज कोणाला वाटते? परंतु त्या लाजेला जो घरात आसन देतो, वेळच्या वेळी तिचे पोषण करतो, त्याच्या वाट्याला एक दिवस असाही येतो की लाज तशीच राहते आणि केवळ तिचा धनी बदलतो. ज्याची लाज वाटली तो निर्मळ ठरतो, ज्यांना वाटली ते उघडे पडतात. रेडिओवाल्यांच्या घरावर तो दिवस आला एका स्वच्छ, प्रसन्न सकाळी. वाचनालयाच्या भिंतीवर युद्धात गेलेल्या धाकट्या भावाच्या नावाची पाटी त्याच सकाळी बसायची होती.

दुकानावरच्या खोलीत घर जमले होते. थोरले भाऊ, ज्यांना घर आणि गल्ली दादाच म्हणत असे, खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. कोटाची सगळी बटणे लावलेली, काठी गुडघ्यांवर आडवी. घरातले वडीलधारे म्हणून समारंभात चार शब्द त्यांनी बोलायचे होते. त्यांचा मुलगा आरशापुढे केस चेपीत होता. लहानपणी दिसेल तो खटका दाबून पाहण्याच्या खोडीपायी त्याला खटक्या हे नाव पडले होते आणि केस पिकले तरी ते सुटले नव्हते.

"मी चिटणीसांना फोनवर सांगून टाकलंय," तो म्हणाला. "काका आघाडीवर लढता लढता गेले. एवढं पुरे. ते तसंच म्हणतील, टाळ्या होतील, पडदा ओढतील, चहा होईल. अर्ध्या तासाचं काम."

"लढता लढता?" दारात उभी असलेली चिमी म्हणाली. चिमी ही धाकट्याची मुलगी. बाप युद्धावर गेल्यानंतर जन्मलेली, आणि आता इस्पितळात परिचारिका. "तापाने गेले ते. शत्रूच्या छावणीत, कैदेत. तापाने माणूस कसा जातो ते सांगू का तुला?"

"नको. आत्ताच खाल्लंय."

"चेष्टा पुरे हं."

"चेष्टा नाही गं बाई. पण घरात बोलायचं ते वेगळं, आणि चारचौघांत..."

"घरात तरी कधी बोललो आपण?"

कोपऱ्यात चिमीची आई, सर्वांची काकी, लुगड्याच्या निऱ्या पुन्हा पुन्हा चापूनचोपून बसवीत होती. निऱ्या केव्हाच बसल्या होत्या.

"दादा, तुम्ही सांगा," चिमी म्हणाली. "तुम्हीही असंच बोलणार?"

दादांनी काठी एका बाजूस ठेवली. "खटक्याने सांगितलंय तसंच होईल. गेलेल्या माणसाची झाकली मूठ उघडून कुणाचं भलं झालंय?"

"मूठ त्यांची नाही, तुमची आहे. मग मी येत नाही. खोट्या माणसाच्या पाटीला फुलं वाहायला मला सवड नाही."

"चिमे," काकी प्रथमच बोलली, "दादा म्हणतात ते ऐक. तू येणार आहेस."

चिमीने आईकडे पाहिले. उभ्या आयुष्यात आईने तिची बाजू दादांसमोर कधी घेतली नव्हती. आजही घेणार नव्हती. लहानपणी ती जिन्यावर बसून खाली दुकानात टक लावून पाही. उघडे पडलेले रेडिओ, रंगीत तारा, काचेचे लुकलुकणारे व्हॉल्व्ह, सोल्डरच्या धुराचा तो चमत्कारिक गोड वास. एकदा तिने हळूच स्क्रूड्रायव्हर उचलला, तर दादांनी तो हातातून काढून घेतला होता. "मुलींनी धुरात बसू नये. वर जा." त्याही वेळी आईने तिला दंडाला धरून वर नेले होते. खटक्याला मात्र हवे ते उघडायची मुभा होती. त्याने जे उघडले ते पुन्हा कधी मिटले नाही, ही गोष्ट वेगळी. आज त्याच दुकानात तो मोबाइल विकत होता.

दादांची नजर खिडकीतून खाली, दुकानाच्या फळ्यांवर होती. त्या फळ्यांपुढे युद्धाच्या दिवसांत संध्याकाळी सारी गल्ली लोटत असे. शत्रूचे रेडिओ केंद्र त्या वेळी कैद्यांचे आवाज ऐकवी, आणि लघुलहरींच्या खरखरीतून ते केंद्र अचूक पकडावे ते दादांनीच. कैदी आधी एक निवेदन वाचत: आमच्या नेत्यांनी आम्हाला फसवले, हे युद्ध अन्यायाचे आहे, इथे आमचे उत्तम चालले आहे. ते वाचले की मगच घरच्यांशी दोन वाक्ये बोलायला मिळत. जो वाचण्यास नकार देई त्याचा आवाज कधी येत नसे. परगल्लीतून आलेल्या आया ते निवेदन ऐकून पदराने तोंड झाकीत, तेव्हा दादाच त्यांची समजूत घालीत. दुकानातले एक जुने वचन होते, ते सांगत. व्हॉल्व्ह तापेपर्यंत रेडिओ नुसता गुणगुणतो, अडाणी माणूस घाईने बटण पिळतो आणि बिघाड करून ठेवतो. म्हणून धाकट्यासह प्रत्येक शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी बजावले जाई: 'पहिला आवाज यंत्राचा, दुसरा माणसाचा. मधे हात घालू नये.' "थांबा जरा," दादा त्या आयांना म्हणत, "हा यंत्राचा आवाज. तुमचा पोरगा अजून बोलायचाय." आणि खरोखरच मग पोरगा बोले.

मग एका संध्याकाळी आवाज धाकट्याचा आला.

पहिल्या शब्दालाच दादांनी तो ओळखला आणि त्यांचा ऊर भरून आला. जिवंत आहे! दुसऱ्या वाक्याला माना वळल्या. साऱ्या गल्लीची दृष्टी रेडिओवरून दादांच्या तोंडावर आली, आणि ज्या वाक्यांनी इतरांच्या मुलांविषयी त्यांना करुणा वाटत असे, त्याच वाक्यांनी स्वतःच्या भावाविषयी त्यांचे मस्तक तापले. त्यांनी रेडिओच्या उघड्या पाठीतून हात घातला आणि तापलेला व्हॉल्व्ह उघड्या बोटांनी उपसून काढला. "व्हॉल्व्ह गेला," ते गल्लीला म्हणाले. खरे काय ते घरातच राहिले. लोक पांगले. बोटांची कातडी निघाली होती. तिथल्या रेषा पुन्हा उमटल्या नाहीत. पुढे काही महिन्यांनी धाकटा गेल्याची वार्ता आली. त्यानंतर विचारायचे ते कुणाला, आणि कोणत्या तोंडाने?

"अहो रेडिओवाले! आहात का सगळे, का मला टाकून गेलात?"

जिन्यावरून आवाज आधी आला, मग काठी, मग समोरच्या शिंप्याची म्हातारी. गल्ली तिला शिंपीणमावशी म्हणे. जुन्या पिढीतली ती एकटीच उरली होती, आणि समारंभाला तिला हात धरून न्यायचे ठरले होते.

"मावशी, तुम्हाला टाकून जायची हिंमत आहे का कुणाची?" खटक्या म्हणाला.

"हिंमत नाही, पण अक्कलही नाही ना. कोणी पाणी देईल का, की पाटी बसेपर्यंत उपासच?" ती दाराजवळच्या खाटेवर टेकली. पाणी पिऊन झाल्यावर तिने भोवती पाहिले. "तोंडं का अशी? पोरगं मोठं झालं की आज. भिंतीवर बसतंय."

"मावशी," चिमी मुद्दाम म्हणाली, "हे लोक सांगणार आहेत की बाबा लढता लढता गेले."

"चिमे!" खटक्या ओरडला.

"लढता लढता?" म्हातारीने डोळे बारीक केले. मग मान हलवली. "तुमचं घर म्हणजे धन्य आहे. तेव्हाही दगड, आताही दगड. अहो दादा, मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही, पण आज बोलते. इतकं गोड बोलला तो पोरगा तुमच्याशी. आमचे हे मशीन थांबवून रडले. आणि तुम्ही सगळं ऐकूनसवरून त्याचं नाव टाकलंत!"

खटक्याने आरशाकडे पाठ केली.

"काय बोलले?" चिमीने विचारले.

"काय म्हणजे? त्या संध्याकाळी रेडिओवर. यांचा व्हॉल्व्ह गेला, तशी आम्ही सगळी माणसं धावत आमच्याकडे गेलो. आमचा रेडिओ यांनीच नुकता दुरुस्त करून, ते केंद्र लावून दिलेला." ती दादांकडे वळली. "तुम्ही आत जाऊन दुसऱ्या रेडिओवर ऐकलंत ना? तुमच्याकडे काय रेडिओंना तोटा? फळीफळीवर रेडिओ."

दादा आपल्या जळक्या बोटांकडे पाहत राहिले. म्हातारीला उमजायला वेळ लागला. उमजले तसा तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

"अगं बाई! म्हणजे ऐकलंच नाहीत तुम्ही? आणि आम्ही सारी गल्ली इतकी वर्षं समजतोय की तुम्ही ऐकलंत, आणि ऐकूनही तुमचं मन द्रवलं नाही."

"मावशी," दादा म्हणाले. त्यांचा आवाज कुणी दुसऱ्याच वृद्धाचा वाटला. "काय म्हणाला तो?"

"माझ्याच तोंडून ऐकायचं का आता हे?" तिने काकीकडे पाहिले. काकीने निऱ्यांवरचा हात काढला होता. "बरं. अजून कानात आहे माझ्या. ते निवेदनाचं वाचून संपवलं, जरा थांबला. मग म्हणाला, 'दादा, पहिला आवाज यंत्राचा, तूच सांगतोस ना? आता मी बोलतोय.' आम्हाला काही कळलं नाही, म्हटलं तुमच्या धंद्यातलं काहीतरी असेल. आमच्या ह्यांनी हसूनच विचारलं, याला तिथेही रेडिओच सुचतोय का?"

दादांनी डोळे मिटले. वाचले ते आपले नव्हे, हे त्याने त्यांना कळवले होते. आणि त्यासाठी शब्द वापरला होता तो त्यांचाच. शिकाऊ पोर सहसा चुकत नसे असा साधा नियम, आणि तो मोडला होता शिकवणाऱ्याने.

"मग?" काकीने विचारले.

"मग तुझंच, बाई. म्हणाला, 'हिला सांगा, निघताना मी वर खिडकीकडे पाहिलं नाही, ते रागाने नाही. पाहिलं असतं तर पाय निघाला नसता.'"

काकीने खिडकीकडे पाहिले. तिला ती सकाळ दिसत होती. आदल्या दिवशी तिने नवऱ्याला सुनावले होते की तुम्हाला देशाचे काही नाही, भावाच्या धाकातून पळायचे आहे, म्हणून तुम्ही फौज धरताय. सकाळी तो खाली पिशवी खांद्याला लावून निघाला आणि ती याच खिडकीत, पोटावर हात ठेवून, तो मान वर करील म्हणून उभी राहिली. त्याने मान वर केली नाही. तिचा सारा संसार त्या न वळलेल्या मानेखाली गेला होता. आणि उत्तर समोरच्या घरात, हाकेच्या अंतरावर, इतकी वर्षे बसून होते.

"आणि मुलाचं काही?" चिमीने विचारले. प्रश्न विचारताना ती आपल्याही नकळत खाली, जिन्याच्या पायरीवर बसली होती.

म्हातारीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "म्हणाला, 'मूल झालं असेल. मुलगा असो की मुलगी, दुकानात बसवा. उघडू द्या त्याला रेडिओ. दादा, माझ्यावर ओरडायचास तसा ओरडू नकोस.' बस्. तेवढ्यात दुसऱ्या पोराचा आवाज सुरू झाला."

चिमी उठली. परिचारिकेचा संयम तिने आयुष्यभर परक्यांसाठी वापरला होता. घरच्यांसाठी आज शिल्लक राहिला नाही. "मला तुम्ही वर पाठवायचात," ती दादांना म्हणाली. "हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतलात. आणि ते सांगत होते..." ती दादांपुढे जाऊन उभी राहिली. "परक्या बायकांना तुम्ही म्हणायचात, थांबा. स्वतःच्या भावाला थांबला नाहीत. तुम्ही बंद केलंत!"

"हो," दादा म्हणाले. "मी बंद केलं."

"बंद करा, असं मी ओरडले होते," काकी म्हणाली.

चिमी वळली.

"तू काही ओरडली नव्हतीस," दादा घाईने म्हणाले. "तू वर होतीस."

"मी जिन्यात होते, दादा. जिथे आता ही बसली होती तिथेच. लोक वळून बघायला लागले आणि मी ओरडले, बंद करा ते, मला ऐकवत नाही. तुम्ही हात घातलात तो त्यानंतर. इतकी वर्षं तुम्ही तो दोष एकट्याच्या डोक्यावर घेतलात, आणि मी घेऊ दिला. तुमच्याच मुलाने, सुनेने, माझ्या मुलीनेही तुम्हाला कठोर म्हटलं, आणि मी मुकाट जेवण वाढत राहिले. उपकार आहेत तुमचे. पण आज नकोत ते." ती मुलीकडे वळली. "तुला वर घेऊन गेले ती दादांच्या भीतीने नाही, चिमे. तू ती हत्यारं हातात धरलीस की ते दिसायचे मला. मला दिसायला नको होते."

दादांविरुद्ध आई आपल्या बाजूला यावी, हे चिमीने जन्मभर मागितले होते. ती आली होती ती अशी, आरोपीच्या पिंजऱ्यात दादांशेजारी उभी राहायला. कोणाचा हात धरावा हे तिला कळेना. शेवटी तिने खाटेवरच्या म्हातारीचाच हात धरला.

"आता मला का धरतेस? मी कुठे पळतेय?" म्हातारी पुटपुटली, पण हात सोडवला नाही.

खटक्या एव्हाना खिडकीत जाऊन फोनवर बोलत होता. आजवर सगळ्या भांडणांत त्याचे काम एकच होते, बाप म्हणेल तिकडे मान हलवणे. आज बापाने काही म्हटले नव्हते. "हॅलो, चिटणीस साहेब? मी सकाळी सांगितलं ना... ते चूक आहे. नाही, नाही, पाटी ठीक आहे. तुम्ही फक्त नाव घ्या. बाकीचं घरचे सांगतील." फोन ठेवून तो म्हणाला, "दादा, उशीर होतोय." आणि जरा थांबून, "कोटाचं एक बटण चुकीच्या काजात गेलंय. काढून नीट लावा."

वाचनालयाच्या दालनात खुर्च्या भरल्या होत्या. वर्तमानपत्रे बाजूला सारून टेबलावर शुभ्र चादर घातली होती. चिटणीसांनी नाव घेतले, पडदा ओढला, टाळ्या झाल्या. मग दादा उभे राहिले. काठी त्यांनी काकीकडे दिली होती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हते.

"माझा भाऊ रणांगणात पडला नाही," ते म्हणाले. "तो पकडला गेला, आणि कैदेत तापाने गेला. त्याआधी तो शत्रूच्या रेडिओवर बोलला. त्यांनी लिहून दिलेलं त्याने वाचलं, कारण वाचल्याशिवाय आमच्याशी बोलता येत नव्हतं. स्वतःचं नाव खराब करून त्याने आमच्यासाठी चार वाक्यं मिळवली. ती साऱ्या गल्लीने ऐकली. मी ऐकली नाहीत. माझा धंदा लोकांना दूरचे आवाज ऐकवण्याचा." त्यांनी पाटीकडे पाहिले. "तुम्ही त्याच्या नावाला हात जोडा. आमच्याकडे बघून जोडू नका."

ते बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना, आणि ते ठीकच झाले. मागच्या रांगेतून शिंपीणमावशीचा आवाज तेवढा आला, तिला वाटले त्यापेक्षा बराच मोठा: "बोलला बाई एकदाचा!" दोनचार जण हसले. दादांच्या ओठांचा कोपराही किंचित हलला, आणि लगेच त्यांनी मान खाली घातली. काकी सबंध वेळ पाटीकडे पाहत होती, मान वर करून.

सगळे परत आले. खटक्याने दुकानाच्या फळ्या काढल्या. दादा वर गेले नाहीत. मोबाइलच्या काचेच्या कपाटामागे, सगळ्यात वरच्या फळीवर, फडक्याखाली झाकलेला तो रेडिओ होता. तो कधी विकला नव्हता, कधी दुरुस्तही केला नव्हता. त्यांनी तो खटक्याकडून खाली उतरवून घेतला, खणातून कापसात गुंडाळलेला व्हॉल्व्ह काढला आणि चिमीसमोर ठेवला.

"हा काही बिघडला नव्हता," ते म्हणाले. मग स्क्रूड्रायव्हरही तिच्यापुढे सरकवला, मूठ तिच्याकडे करून.

चिमीने बराच वेळ तो उचलला नाही. दादांनीही आग्रह केला नाही. आग्रह करण्याचा अधिकार आपल्याला उरला आहे असे त्यांना वाटत नव्हते. मग तिने तो उचलला.

"मागचे पेच आधी," ते हळूच म्हणाले. "डावीकडे फिरव. जोर नको."

"ओरडू नका," चिमी म्हणाली.

"नाही ओरडत."

पाठीची फळी निघाली. आत इतक्या वर्षांची धूळ होती. तिने ती फुंकरीने उडवली, व्हॉल्व्हचे पाय भोकांशी जुळवले, आणि इंजेक्शनची सुई टोचताना लागतो तितकाच दाब देऊन तो बसवला. खटक्याने वायर भिंतीत खोचली. पण खटका त्याने स्वतः दाबला नाही. तो त्याने बहिणीला दाबू दिला.

काचेआड प्रथम काहीच नाही. मग एक मंद, तांबूस उजेड. मग ती जुनी गुणगुण, खोल, एकसुरी. त्या पट्ट्यावर आता कुठलेच केंद्र नव्हते, हे दादांना पक्के ठाऊक होते, आणि इतरांनाही. काकी जिन्याच्या त्याच पायरीवर येऊन बसली. शिंपीणमावशीने स्टूल ओढले. कुणीही बटणाला हात लावला नाही.

जो दूर देशीच्या मातीत मिळाला, त्याला निवांतपणा लाभो. ज्यांनी त्याला ऐकले नाही, त्यांना ऐकण्याइतके आयुष्य आणि त्या आयुष्यात पुरेसा धीर लाभो. ज्या परक्या घराने त्याची वाक्ये जतन केली, त्या घरात सुईचा दोरा कधी न तुटो. आणि जी लेक आज प्रथम आपल्या बापाच्या जागी बसली, तिच्या हातांना यश येवो.

गुणगुण चालू होती. ते सगळे दुसऱ्या आवाजासाठी थांबले होते.